गळका पाइप, चुलीवरचा भात

दिग्दर्शक जिओ बेबी यांचा मल्याळम चित्रपट ‘द ग्रेट इंडियन किचन’ (२०२१) मी सबटायटल्स लावून दोनदा पाहिला. केरळमधलं सुशिक्षित घर, पण सासऱ्यांना भात चुलीवरचाच हवा आणि चम्मंदी (खोबऱ्याची चटणी) पाट्यावर वाटलेली. सिंकचा पाइप गळतोय. सून खाली बादली लावते, प्लंबरला बोलवा म्हणून नवऱ्याच्या मागे लागते, तो रोज विसरतो. ती बादली अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही! पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. चिरणं, फोडणी, भांडी, एवढंच ऐकू येतं. टेबलावरचं खरकटं उचलताना सून झालेल्या निमिषा सजयनचा चेहरा बघा. सुरज वेंजारामूडूसारखा कसलेला नट असून नवऱ्याची भूमिका मात्र आणखी उलगडायला हवी होती. शेवट सांगत नाही, घरातल्या पुरुषांना सोबत बसवून बघा.