घरी बांधलेल्या दोन अँटेना, खारा वारा आणि दोन पावसाळे: अठरा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

रत्नागिरी तालुक्यातील आमचे घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि उरलेले महिने खारा वारा, अशा ठिकाणी हॅम रेडिओची, म्हणजे हौशी रेडिओ संपर्काची, अँटेना घरी बांधून टिकवायची म्हणजे विजेच्या गणितापेक्षा पाण्याचे गणित आधी शिकावे लागते, हे मला अठरा महिन्यांनी पटले आहे. मागील वर्षी एप्रिलमध्ये मी दोन अँटेना उभारल्या. एक ४० मीटर बँडसाठी (सुमारे ७ मेगाहर्ट्झ) इन्व्हर्टेड व्ही, म्हणजे मध्ये उंच आणि दोन्ही बाजूंना उतरत गेलेला तारेचा डायपोल, आणि दुसरी १४४ ते १४६ मेगाहर्ट्झसाठी उभ्या दांडीची ग्राउंड प्लेन. पहिल्या पावसाळ्यात दोन्ही बिघडल्या, दुसऱ्यात दोन्ही टिकल्या. या दोन पावसाळ्यांच्या दरम्यान मी काय बदलले, ते येथे तपशिलाने लिहीत आहे.

मोठ्या अँटेनाची रचना सोपी आहे. १४३ ला मेगाहर्ट्झमधील वारंवारतेने भागले की अर्ध्या तरंगलांबीच्या डायपोलची लांबी मीटरमध्ये मिळते, ७.१ मेगाहर्ट्झसाठी ती २०.१ मीटर येते. मी घरातील वायरिंगची अडीच चौरस मिलिमीटरची, पीव्हीसी आवरणाची तांब्याची तार वापरली. आवरणामुळे आणि टोके जमिनीच्या जवळ आल्यामुळे रेझोनन्स, म्हणजे अँटेना जेथे आपोआप जुळते ती वारंवारता, खाली उतरतो, म्हणून थोडी थोडी छाटत प्रत्येक बाजू अखेर ९.७५ मीटरवर आली. मधला बिंदू गच्चीवरील जीआय पाइपवर जमिनीपासून सुमारे नऊ मीटरवर आहे. ही उंची ४० मीटर बँडच्या पाव तरंगलांबीहून कमी असल्याने ऊर्जेचा मोठा भाग वरच्या दिशेने जातो, आणि दिवसा कोल्हापूर, पुणे, गोवा अशा जवळच्या अंतरांसाठी मला नेमके तेच हवे होते.

पहिला त्रास पावसाआधीच सुरू झाला. एक टोक माडाला नायलॉनच्या दोरीने घट्ट बांधले होते. मे महिन्यातील वाऱ्यात माड झुलत राहिला आणि मऊ तांब्याची त्या बाजूची तार १८ सेंटिमीटर ताणली गेली, रेझोनन्स ७.१० वरून ७.०४ मेगाहर्ट्झवर आला. तार पुन्हा छाटून मी ते निभावले, पण नायलॉन भिजल्यावर सैल पडतो हे जूनच्या पहिल्या झडीत दिसले. आता त्या टोकाला पॉलिएस्टरची विणीव दोरी आहे, ती माडावरील कप्पीवरून खाली येते आणि तिच्या शेवटी वाळू भरलेला पाच लिटरचा डबा लटकतो. माड हलला की डबा वरखाली होतो, तारेला झटका बसत नाही. दुसऱ्या वर्षी तारेची लांबी मोजली तेव्हा वाढ बोटभरही नव्हती.

खरे नुकसान मात्र मला दिसलेच नाही, आणि हा या अनुभवातील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. जूनच्या आरंभी माझ्या वहीत नोंद आहे की ७.१ मेगाहर्ट्झवर एसडब्ल्यूआर (किती ऊर्जा परत येते याचे माप; १ म्हणजे काहीच परत येत नाही) १.४ आणि बँडच्या वरच्या टोकाला, ७.२ वर, १.९. ऑगस्टमध्ये हेच आकडे १.१५ आणि १.३ झाले होते. मी समाधानाने मानले की भिजलेल्या जमिनीमुळे अँटेना अधिक चांगली जुळली आहे. ऐकताना काहीच फरक जाणवत नव्हता, कारण या बँडवर बाहेरून येणारा गोंगाट इतका असतो की अँटेनाला रेडिओशी जोडणाऱ्या केबलमध्ये सिग्नल घटला तर गोंगाटही तेवढाच घटतो. केवळ पुण्यातील एक ज्येष्ठ हॅम रोज सकाळी म्हणत, "आवाज थोडा दबलेला येतो आहे." मी ते हवामानावर ढकलले.

गणेशचतुर्थीनंतर उघडीप मिळाली तेव्हा मी वर चढून केबल अँटेनापासून सोडवली आणि खाली येऊन नॅनोव्हीएनए या छोट्या मापनयंत्राने मोजली. केबलचे दुसरे टोक मोकळे होते. मोकळ्या टोकावरून जवळजवळ सर्व ऊर्जा परत यायला हवी. २५ मीटर आरजी-५८ केबल कोरडी असती तर ७ मेगाहर्ट्झवर रिटर्न लॉस, म्हणजे जाऊन परत येताना ऊर्जेत झालेली घट, २ डेसिबलच्या आसपास आणि एसडब्ल्यूआर आठ-नऊ दिसला असता. येथे रिटर्न लॉस ९ डेसिबल होता, एसडब्ल्यूआर २.१. याचा अर्थ केबल एका दिशेच्या प्रवासात साडेचार डेसिबल खात होती आणि १०० वॉटपैकी जेमतेम ३५ वॉट वर पोहोचत होते. परत येणारी ऊर्जाही वाटेतच जिरत असल्यामुळे मीटरवरचा आकडा सुधारलेला दिसत होता. ज्या आकड्यावर आपण सर्वाधिक विश्वास ठेवतो, तोच आकडा बिघाडामुळे चांगला झाला होता.

वरच्या टोकाकडील केबल चाकूने उभी चिरली तेव्हा कारण हाती आले. आवरणाखालील तांब्याच्या जाळीला कळकलेल्या पितळी भांड्याला येतो तसा हिरवा-काळा थर होता, आणि तो थर जवळजवळ दोन मीटर खालपर्यंत गेला होता. दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे त्या जाळीच्या बारीक तारांमधून पाणी सरकते. एकदा आत शिरले की ते बाहेर पडत नाही. अशी केबल वाळवून उपयोग नसतो, ती बदलावीच लागते. बाराशे रुपये गेले.

पाणी शिरण्याच्या वाटा तीन होत्या. पहिली, केबलच्या टोकाचा पीएल-२५९ कनेक्टर: तो मुळात पाणीरोधक नसतो, आणि मी त्यावर फक्त वायरमनची काळी पीव्हीसी टेप गुंडाळली होती, तीही वरून खाली. त्यामुळे टेपचा प्रत्येक पदर वरच्या बाजूला उघडा राहिला. कौले आपण वळचणीपासून आढ्याकडे लावत जातो, म्हणजे वरचे कौल खालच्यावर येते. टेपचेही तसेच आहे, ती खालून वर गुंडाळली पाहिजे. दुसरी वाट सिलिकॉनची. दुकानातील नेहमीच्या ट्यूबला व्हिनेगरसारखा उग्र वास होता. तो वास ॲसेटिक आम्लाचा असतो, आणि सिलिकॉन वाळताना सुटणाऱ्या त्या आम्लाने आतल्या डाग दिलेल्या (सोल्डर केलेल्या) जोडावरचे तांबे हिरवे केले होते. आता मी न्यूट्रल क्युअर प्रकारचे सिलिकॉन पाहून घेतो. तिसरी वाट मला सर्वांत अनपेक्षित होती: मधल्या जोडाचा प्लॅस्टिकचा डबा मी चारही बाजूंनी इतका बंद केला होता की त्यात पाणी शिरणारच नाही असे मला वाटत होते. उन्हात आतली हवा फुगते, सर पडली की आकसते, आणि कोठल्या तरी फटीतून दमट हवा ओढून घेते. ती आत थंडावून पाणी होते आणि त्या पाण्याला जायला जागा नसते. डबा उघडला तेव्हा तळाशी अर्धा इंच पाणी साचलेले होते.

दुसऱ्या वर्षीची आगोट, म्हणजे पावसाळ्याआधीचे दिवस, मी त्यासाठीच राखून ठेवली. नव्या केबलच्या कनेक्टरवर आधी स्वतःत मिसळून जाणारी रबरी टेप ताणून, लांबी जवळजवळ दुप्पट होईल इतपत, प्रत्येक वेढा मागच्या वेढ्याच्या निम्म्यावर घेत खालून वर गुंडाळली. ही टेप काही तासांत एकजीव होते, पण ऊन तिला मानवत नाही, म्हणून तिच्यावर पीव्हीसी टेपचे दोन थर आहेत. शेवटचा वेढा न ताणता ठेवून ब्लेडने कापावा. हाताने तोडला तर ताणलेले टोक महिनाभरात उलगडू लागते. डब्याच्या तळाला ४ मिलिमीटरचे भोक पाडले. पहिल्याच आठवड्यात कुंभारीण माशीने ते मातीने बुजवले, तेव्हापासून आतून मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा चिकटवला आहे. घरात शिरण्यापूर्वी केबलला खाली झोळ दिला आहे, म्हणजे केबलवरून ओघळणारे पाणी तेथूनच पागोळीसारखे टपकते, भिंतीतील भोकाकडे जात नाही.

लहान अँटेनाविषयी थोडक्यात. चौकटीच्या एसओ-२३९ कनेक्टरवर (पीएल-२५९ ज्यात बसतो तो) ४९ सेंटिमीटरची एक उभी दांडी आणि ४५ अंशांत खाली उतरलेल्या चार दांड्या, एवढेच तिचे स्वरूप आहे. पहिल्या वर्षी खालच्या दांड्या जुन्या टीव्ही अँटेनाच्या ॲल्युमिनियमच्या होत्या आणि स्क्रू पितळेचे. खाऱ्या ओलाव्यात हे दोन धातू एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजते. सप्टेंबरपर्यंत जोडांवर पांढरी पूड जमली होती आणि वारा सुटला की आवाजात खरखर येत असे. आता पाचही दांड्या पितळेच्या असून डाग देऊन बसवल्या आहेत. उभ्या दांडीवर टोपीसह पीव्हीसी पाइप घातला, पण पाइपमुळेही रेझोनन्स उतरतो, म्हणून दांडी १४ मिलिमीटर छाटावी लागली. या बँडवर केबलचा प्रश्न अधिक कठोर आहे: २० मीटर आरजी-५८ कोरडी असतानाही १४५ मेगाहर्ट्झवर निम्म्याहून अधिक शक्ती खाते. तेथे मी जाडजूड आरजी-२१३ घेतली आणि त्या खर्चाचा मला पश्चात्ताप नाही.

वैशाखातील वळीव आणि परतीचा पाऊस या काळात विजेच्या भीतीने दोन्ही केबली घराबाहेर सोडवून ठेवतो. सोडवलेल्या टोकांवर टोपी घालायला विसरू नये. ते टोकही जाळीचे तोंडच आहे.

केबल सुस्थितीत आहे का, हे आता वेष्टन न उघडता पाहतो. अँटेना जेथे मुळीच जुळत नाही अशा ५ मेगाहर्ट्झवर, पावसाची उघडीप असताना, नॅनोव्हीएनएने रिटर्न लॉस मोजतो. तेथे जवळपास सर्व ऊर्जा परतते, म्हणून हा आकडा वाढला तर केबल खाऊ लागली असे समजावे. एप्रिलमध्ये तो २.३ होता, या आठवड्यात २.४ आहे.

तरीही खात्रीसाठी परवा कनेक्टरवरची रबरी टेप उभी चिरून पाहिली. आतले निकेल चकचकीत होते, जाळी लालसर आणि कोरडी. नैऋत्येकडील बाजूला मात्र बाहेरच्या पीव्हीसी टेपची कड सुटू लागली आहे आणि खालच्या रबरावर उन्हाच्या बारीक भेगा दिसतात. ती बाजू पुढच्या आगोटीपूर्वी पुन्हा गुंडाळणार आहे, या वेळी तीन थरांत.