‘९०’ची चिठ्ठी चिकटवलेली खिडकीची काच

घरी छोटी विजेची भट्टी ठेवून काच वितळवायला, जोडायला, म्हणजे फ्यूजिंग करायला शिकणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. नुकती सुरुवात केली असेल तर जरूर वाचा. ‘फ्यूजिंगची इम्पोर्टेड काच, सीओई ९०, स्टुडिओ बंद करतोय म्हणून स्वस्तात’ असं सांगून मला काच विकली गेली. १९,००० रुपये गेले. पण पैशांपेक्षा राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे. काच तडकत राहिली आणि दर वेळी विकणाऱ्याने मला पटवलं की दोष माझ्या कामात आहे. शिकणाऱ्या माणसाला हे फार पटकन पटतं, आणि विकणारा नेमका याच गोष्टीच्या जिवावर धंदा करतो.

आपल्याकडे फ्यूजिंगची काच कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. अमेरिकेतल्या बुल्सआय किंवा ओशनसाइड या कंपन्यांची काच मागवायची म्हटलं तर भाडं, सीमाशुल्क आणि वाटेत फुटण्याची धास्ती. त्यामुळे छंद म्हणून शिकणारे आम्ही सगळे कुठे कोणाकडे उरलेला माल मिळतो का हे बघत असतो. असाच एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा विक्रेता भेटला. तो ऑनलाइन वर्गही घ्यायचा. बोलणं गोड, कामाचे फोटो सुंदर. पारदर्शक शीट, आठ-दहा रंग आणि थोडं फ्रिट (काचेचा चुरा) असा संच त्याने पाठवला. प्रत्येक शीटवर संगणकावर छापलेली ‘९०’ची चिठ्ठी होती. बिल मागितलं तर म्हणाला, “मॅडम, हॉबीवाल्यांना बिल कशाला? जीएसटी लावला तर तुम्हालाच महाग पडेल.”

हा ९० चा आकडा म्हणजे काय, ते आधी सांगते, कारण फसवणूक त्याच्याच आडून होते. काच तापली की वाढते, थंड झाली की आकसते. ती किती वाढते हे सांगणारा प्रसरणाचा गुणांक म्हणजे सीओई. ९० ची १ मीटर लांबीची पट्टी १ अंश सेल्सिअसने तापली की ०.००९ मिलिमीटर वाढते. खिडकीची साधी काच साधारण ८२ ते ८७ च्या घरात असते, तर घरगुती फ्यूजिंगमध्ये ९० आणि ९६ हे दोन गट चालतात. ८५ ची काच ९० च्या काचेला वितळवून जोडली आणि दोन्ही घट्ट झाल्यावर आणखी ४५० अंश थंड झाल्या, तर १० सेंटिमीटरच्या तुकड्यात आकसण्याचा फरक पडतो जेमतेम ०.०२ मिलिमीटर. डोळ्यांना तो दिसणारही नाही. पण बैलगाडीच्या चाकावर तापवून चढवलेली लोखंडी धाव थंड होताना लाकूड आवळते, तशी एक काच दुसरीला कायमची ओढत राहते. लाकूड हा ताण सोसतं, काच सोसत नाही. ती भट्टीतच तडकते, नाहीतर कपाटात ठेवल्यावर महिन्याभराने, कोणी हात लावलेला नसताना.

माझं तसंच झालं. ८०५ अंशांवर पूर्ण फ्यूज, मग ४८२ अंशांवर तासभर अ‍ॅनिलिंग (म्हणजे काचेतला ताण निघावा म्हणून ती एका तापमानाला धरून ठेवणं), त्यानंतर तासाला ८० अंशांच्या वेगाने सावकाश थंड. ६ मिलिमीटर जाडीच्या ९० च्या काचेला हे वेळापत्रक योग्य आहे. तरीही ताटल्या तडकायच्या. फोटो पाठवला की उत्तर ठरलेलं: “अ‍ॅनिलिंग कमी पडतंय, होल्ड दुप्पट करा.” होल्ड म्हणजे त्या तापमानाला धरून ठेवायचा वेळ. केला. तरी तडा. मग म्हणाला, थर्मोकपल (भट्टीचं तापमान मोजणारी तार) चुकीचं तापमान दाखवतंय. तेही बदललं. शेवटी १,५०० रुपये घेऊन त्याने ‘ट्रबलशूटिंग’चं ऑनलाइन सत्र घेतलं आणि त्यात मला सांगितलं की काचकामाला संयम लागतो, तो सगळ्यांकडे नसतो. स्वतः दिलेल्या खोट्या मालाचा दोष गिऱ्हाइकाच्या स्वभावावर ढकलायचा आणि वर त्याचीही फी घ्यायची!

यातून मला बाहेर काढलं मुंबईतल्या एका बाईंनी. त्या बरीच वर्षं हे काम करतात. फोटो बघून त्यांनी आधी विचारलं, “तडा कुठून कुठे गेलाय?” तडा वाचता येतो, हे मला तेव्हा कळलं. तड्याच्या कडा गुळगुळीत, गोलसर झालेल्या असतील तर काच तापतानाच फुटली आणि पुढच्या उष्णतेने कडा वितळल्या. कडा धारदार असतील तर थंड होताना किंवा नंतर फुटली. अ‍ॅनिलिंग बिघडलं की तडा बहुतेकदा रंगांची पर्वा न करता आडवा-वाकडा सगळ्या तुकड्यातून जातो. माझे तडे ताटलीवर जोडलेल्या निळ्या चौकोनाच्या कडेकडेने वळसा घालून गेले होते आणि धारदार होते. म्हणजे दोन काचांचं आपसांत पटत नव्हतं.

मग त्यांनी एक चाचणी करायला सांगितली. नवी काच आणली की ताटलीबिटली काही करण्याआधी ही करा. संचातल्याच पारदर्शक काचेची एक पट्टी घ्या. तिच्यावर प्रत्येक रंगाचा साधारण १ सेंटिमीटरचा तुकडा ठेवा, मधे तीन-चार सेंटिमीटर मोकळी जागा सोडा. एक तुकडा त्याच पारदर्शक काचेचाही ठेवा, याला विसरू नका. नेहमीप्रमाणे पूर्ण फ्यूज करा, अ‍ॅनिल करा आणि पट्टी पूर्ण थंड होऊ द्या. कोमट काचेत तात्पुरता ताण दिसतो आणि फसायला होतं. आता लॅपटॉपवर कोरं पांढरं पान उघडा आणि पोलराइज्ड गॉगलची एक काच डोळ्यासमोर धरून फिरवा. बहुतेक एलसीडी पडद्यांचा प्रकाश पोलराइज्ड, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा असतो, त्यामुळे एका ठिकाणी पडदा काळा पडतो. तिथेच थांबा आणि पट्टी पडदा व गॉगल यांच्या मधे धरा. ज्या तुकड्याभोवती ताण आहे त्याच्या कडेला, विशेषतः कोपऱ्यांपाशी, उजेडाचं वलय दिसतं. वलय पायाच्या पारदर्शक काचेत उमटतं, म्हणून अपारदर्शक रंगही असे तपासता येतात.

खरी गंमत त्या पारदर्शक तुकड्याची आहे. त्याच्याभोवती वलय नाही आणि रंगांभोवती आहे, तर भट्टी, थर्मोकपल, वेळापत्रक, तुमचा हात, सगळं ठीक आहे आणि काच खोटी आहे. त्याच्याभोवतीही वलय असेल तर मात्र आधी अ‍ॅनिलिंगकडे बघा. माझ्या पहिल्या पट्टीवर सगळ्यांभोवतीच वलय होतं, पारदर्शक तुकड्याभोवतीही. विक्रेता खरं बोलत होता की काय असं वाटलं. पण बाईंनी पट्टी हातात घेऊन कड पाहिली. कड हिरवट होती. ८०५ अंशांवर रंगांचे तुकडे वितळून गोल झाले होते, पारदर्शक तुकड्याचे कोपरे तेवढे ओसरले नव्हते. त्या म्हणाल्या, ही खिडकीची काच आहे. तिचं अ‍ॅनिलिंग ५५० अंशांच्या आसपास होतं, ४८२ वर तिचा ताण निघतच नाही, होल्ड कितीही वाढवा.

खात्री करायची होती. आजची खिडकीची काच वितळलेल्या कथिलावर तरंगवून बनवतात. पिल्किंग्टन कंपनीने ही पद्धत १९५९ मध्ये जाहीर केली. कथिलाला टेकलेली बाजू शॉर्टवेव्ह अतिनील दिव्याखाली दुधाळ चमकते. बुल्सआयची काच रुळांमधून काढतात, तिला कथिलाची बाजूच नसते. खनिजं जमवणाऱ्या ओळखीच्या एका काकांकडे असा दिवा होता (नोटा तपासायची साधी टॉर्च चालत नाही, आणि शॉर्टवेव्ह दिव्याला डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच). ‘९०’ ची चिठ्ठी लावलेली प्रत्येक पारदर्शक शीट एका बाजूने चमकली. मग पारदर्शक काच ५५० वर अ‍ॅनिल करून चाचणी पुन्हा केली. पारदर्शक तुकड्याभोवतीचं वलय गेलं. रंगांभोवतीचं राहिलं. रंगीत शीट स्टेन्ड ग्लासच्या, म्हणजे शिशाच्या किंवा तांब्याच्या पट्ट्यांनी जोडायच्या कामाच्या असाव्यात. त्या कामात काच वितळवायचीच नसते, त्यामुळे त्या एकमेकींशी जुळतील याची हमी कोणीच देत नाही.

फोटोंसह सगळं विक्रेत्याला पाठवलं. त्याने मला ग्रुपमधून काढलं. नंतर कोल्हापूरच्या एक ताई बोलल्या. त्यांचीही हीच गोष्ट, तेच ‘अ‍ॅनिलिंग कमी पडतंय’, तेच पैसे घेऊन सत्र. त्यांनी तर भट्टी विकायला काढली होती.

त्याचं एक वाक्य आता आठवतं. माल कुठला विचारल्यावर तो म्हणाला होता, “स्पेक्ट्रम बंद पडली ना, त्या वेळचा साठा.” स्पेक्ट्रम ही अमेरिकेतली काच कंपनी २०१६ मध्ये बंद झाली हे खरं, पण तिची फ्यूजिंगची काच ९६ ची होती. ९० च्या चिठ्ठीवर हा खुलासा बसतच नाही. म्हणून विक्रेत्याला फक्त सीओई विचारू नका. कंपनी, रंगाचा क्रमांक आणि मूळ लेबलाचा फोटो मागा. बुल्सआयच्या रंगांना सहा आकडी क्रमांक असतो, उदाहरणार्थ पारदर्शक ००११०१. शिवाय दोन काचांचा आकडा एक असला तरी त्या जुळतीलच असं नाही, कारण वितळताना त्या किती घट्ट राहतात यावरही बरंच अवलंबून असतं. मोठी खरेदी करायच्या आधी चाचणीपुरते तुकडे विकत मागा. खरा विक्रेता आनंदाने देतो. आणि बिल घ्याच.

माझ्याकडे बिल नव्हतं, पण यूपीआयची नोंद, त्याचे ‘सीओई ९०, गॅरंटी’ लिहिलेले मेसेज आणि चाचणीचे फोटो होते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, तक्रार नोंदवली आणि त्याला लेखी नोटीस पाठवली. त्यानंतर काचेचे निम्मे पैसे परत आले, सत्राची फी नाही. उरलेल्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात जाते आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, घटनेपासून २ वर्षांच्या आत, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. चॅट पुसू नका.

अशा काचेच्या वस्तू कोणाला भेट दिल्या असतील तर त्या परत मागवा. मी दिवाळीत दिलेल्या ताटल्या एकेक करून परत आणल्या आणि गॉगलमधून पाहिल्या. न तडकलेल्यांतही वलयं होती. अशी ताटली गरम पदार्थ वाढताना पानावरच फुटू शकते. उरलेल्या शीट मी मिसळत नाही. एकाच शीटमधून कापलेली काच स्वतःशी जुळतेच, तेव्हा एकेकटी वाकवून वाट्या करते, खिडकीच्या काचेला तिचं वेगळं वेळापत्रक देऊन. तुमच्याकडे असा माल पडून असेल तर तो फ्यूजिंगचा म्हणून पुढे विकू नका. देणारच असाल तर चिठ्ठी काढून शीटवरच मार्करने लिहा, ‘खिडकीची काच, रंगांशी जोडू नये’.