जुन्या कपाटांवर वॉटर-बेस्ड इनॅमल: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या स्वयंपाकघरातील कपाटे वीस वर्षांची, गडद तपकिरी लॅमिनेटची. सांगाडा भक्कम होता, दारे कुठे वाकली नव्हती, पण ओट्याजवळ उभे राहिले की दिवसाही अंधारल्यासारखे वाटे. नवी कपाटे करायला घेतली की ओटा, नळ, भिंतीवरच्या टाइल्स अशा एकेका गोष्टीला हात लागत जातो आणि खर्च कपाटांपुरता राहत नाही. म्हणून प्लायला धक्का न लावता शटर म्हणजे कपाटांची दारे, खण आणि शेजारच्या जेवणाच्या जागेतील टेबल-खुर्च्या वॉटर-बेस्ड इनॅमलने, म्हणजे पाण्यात मिसळणाऱ्या आणि सुकल्यावर कडक होणाऱ्या रंगाने, रंगवायचे ठरवले. रंग चांगला निघाला, हे आधीच सांगतो. मात्र डब्यावर ठळक अक्षरांत छापलेले ‘एका तासात सुकतो’ हे वाक्य वाचून कामाचे दिवस ठरवू नयेत.

ऑइल पेंट न घेण्याचे कारण वासापुरते नव्हते. ऑइल पेंटचा पांढरा रंग कालांतराने पिवळा पडतो, आणि जिथे उजेड पोहोचत नाही तिथे, म्हणजे कपाटांच्या आतल्या बाजूंना, तो अधिकच पिवळा पडतो. वॉटर-बेस्ड इनॅमलचा हा दोष जवळजवळ नाही, शिवाय ब्रश आणि रोलर साध्या पाण्याने धुता येतात.

खरी मेहनत रंगाच्या आधीची आहे. शेगडीच्या वरच्या शटरवर, विशेषतः हँडलभोवती, वर्षानुवर्षे साचलेला मेणचट थर डोळ्यांना दिसत नाही, पण बोट फिरवले की लागतो. तो धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने काढून, नंतर साध्या पाण्याने दोनदा पुसून, पूर्ण वाळल्यावर १८० नंबरच्या पॉलिश पेपरने लॅमिनेटची चकाकी उतरेपर्यंत घासावे लागते. त्यावर गुळगुळीत पृष्ठभागासाठी असलेला बाँडिंग प्रायमर हवाच; भिंतीचा प्रायमर इथे चालत नाही. मी आधी एका शटरवर बाँडिंग प्रायमरचा हात मारून पाहिला, दुसऱ्या दिवशी नखाने ओरखडले तेव्हा पापुद्रा निघाला. तिथे ओशटपणा राहिला होता. ते शटर पुन्हा सोड्यापासून केले आणि नंतर तक्रार राहिली नाही. ज्या शटरचे लॅमिनेटच सुटले आहे किंवा पाण्याने फुगले आहे, त्याला मात्र रंग वाचवू शकत नाही.

शटर काढून आडवी ठेवली आणि छोट्या फोम रोलरने पातळ हात दिले, तर ओघळ येत नाहीत. प्रायमरचा एक आणि रंगाचे दोन हात पुरले. मधल्या वेळी ३२० नंबरचा पेपर हलकेच फिरवला. इथेच डब्यावरच्या वाक्याने फसवले. एका तासात रंग हाताला लागत नाही हे खरे, पण तो कडक व्हायला दोन ते चार आठवडे लागतात. तिसऱ्या दिवशी शटर बसवून घट्ट लावली. सकाळी एक उघडले तर कड चौकटीला चिकटलेली, आणि नखाएवढा रंग चौकटीवरच राहिला. कडांना रबराचे छोटे बटण लावून पंधरा दिवस दारे सैल ठेवली असती तर हे टळले असते. दुकानदारानेही हे सांगायला हवे होते.

हँडल बदलल्याने जुनेपण जितके गेले तितके रंगानेही गेले नाही, असे माझे मत आहे. फक्त ती रंगाच्या आधी ठरवावीत. दोन भोकांच्या मध्यबिंदूंमधले अंतर बहुधा ९६, १२८ किंवा १६० मिलिमीटर असते. आमचे ९६ होते आणि मला १२८ ची आवडली. एक भोक जुनेच वापरता येते, दुसरे नवे पाडून उरलेले लांबीने (पुट्टीने) बुजवावे लागते, आणि हे प्रायमरच्या आधी केले तरच बुजवलेली जागा दिसत नाही. माझी दिसते. बिजागऱ्यांच्या बाबतीत नशीब चांगले: जुन्यांची दारात बसणारी गोल वाटी ३५ मिलिमीटरची, म्हणून सॉफ्ट-क्लोज (दार हळूच बंद करणाऱ्या) बिजागऱ्या नवे भोक न पाडता बसल्या.

जेवणाच्या टेबलाच्या वरच्या फळीला हा रंग लावू नये. आम्ही लावला, आणि गरम भांड्याच्या बुडाची वर्तुळे दोन महिन्यांत उमटली. मग फळी घासून लाकडापर्यंत आणली आणि पारदर्शक पॉलियुरेथेन वार्निश दिले. पाय आणि खुर्च्यांवर इनॅमल उत्तम टिकले आहे. टेबलावरचा दिवा फळीपासून ७५ सेंटिमीटरवर आणून त्यात २७०० केल्विनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा, बल्ब लावला, तेव्हा तो कोपरा वेगळा वाटू लागला.

आज सर्वांत वाईट अवस्था सिंकखालच्या शटरच्या खालच्या कडेची आहे, कारण पाणी ओघळून तिथेच थांबते. उरलेला पाव डबा झाकण घट्ट लावून ठेवला आहे. आतापर्यंत तो दोनदा उघडावा लागला, दोन्ही वेळा त्याच कडेसाठी.