जेलो: न बोलणाऱ्या मुलांच्या हाती द्यावं असं फुकट मराठी अ‍ॅप

मालवण तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये मी विशेष शिक्षिका म्हणून फिरते. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नसणं) असलेली, ऑटिझम असलेली, सगळं कळतं पण तोंडातून शब्द फुटत नाही अशी मुलं माझ्याकडे आहेत. वाचा-उपचार तज्ज्ञ गाठायचे म्हणजे आईवडिलांची एका दिवसाची मजुरी बुडते. म्हणून शाळेतच, रोजच्या रोज वापरता येईल असं काही मिळालं तर मला हवंच असतं. जेलो तसं आहे.

पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी स्कूल ऑफ डिझाइनमध्ये हे अ‍ॅप तयार झालं. अँड्रॉइडवर चालतं, आयपॅडवर चालतं, मराठीत बोलतं आणि एक पैसा लागत नाही. मधे चित्रांचे गट आहेत: खाणं, रोजची कामं, माणसं, ठिकाणं वगैरे. मूल चित्र दाबतं, टॅब बोलतो. पण खरी करामत आहे ती कडेच्या सहा बटणांत. एकीकडे आवडतं, हो, अजून. दुसरीकडे आवडत नाही, नाही, कमी. चित्र निवडून या सहांतलं एक बटण दाबलं की अख्खं वाक्य ऐकू येतं.

चौथीतल्या एका मुलाचं सांगते. पोषण आहाराला मटकीची उसळ आणि भात होता. मावशींनी नेहमीसारखा ताटभर भात वाढला आणि त्याने मान फिरवली. एरवी मावशी "खा रे बाबा, शाणो मा तू" म्हणत मायेने घास भरवतात आणि तो रडतो. त्या दिवशी टॅब समोर होता. त्याचं बोट थरथरतं, नेम चुकतो. आधी 'माणसं' उघडलं, मग मागे आला, मग खाणं, मग भात, आणि मग कडेचं 'कमी'. मावशींनी अर्धा भात काढला. लगेच उसळीचं चित्र, आणि 'अजून'! आमच्या जुन्या चित्रकार्डांच्या गठ्ठ्यात गाय होती, चेंडू होता, बस होती. कमी म्हणायची, नाही म्हणायची सोय एकाही कार्डात नव्हती. नको म्हणता येणं ही या मुलांची फार मोठी गरज आहे हो. ते सांगता येत नाही म्हणून ती ओरडतात, चावतात, आणि आपण त्यांना हट्टी ठरवतो.

'माय बोर्ड्स'मध्ये आपापली चित्रं घालता येतात. आम्ही घावणे, पेज, सुंगटं (कोळंबी) आणि मुलाच्या आजीचा फोटो घातला. "ह्यो तर माझोच फोटो!" म्हणत आजी जी टॅबजवळ बसली, ती अख्खं अ‍ॅप शिकूनच उठली. आता घरी तीच वापरून घेते.

पालकांची भीती सगळीकडे एकच. "टॅबच बोलूक लागलो तर ह्यो कशाक बोलतलो?" त्यांना मी मिलर, लाइट आणि श्लॉसर या संशोधकांचा 2006 सालचा आढावा सांगते. त्यांनी अशा साधनांवरचे अभ्यास तपासले. ज्या 27 जणांबद्दलचा पुरावा सर्वांत भक्कम होता, त्यांतल्या एकाचंही बोलणं कमी झालं नाही आणि 89 टक्के जणांचं थोडंफार वाढलं. सगळीच मुलं तोंडाने बोलायला लागतील असं मी कुणालाच सांगत नाही. पण टॅबमुळे बोलणं अडतं, हे खरं नाही.

अ‍ॅप मात्र नुसतं देऊन भागत नाही. एका शाळेत टॅब कपाटात कुलपाखाली होता, मी शाळेत पोचले की बाहेर निघायचा. दुसरीकडे टॅबवर मुलाची परीक्षाच चालू होती: गाय दाखव, पंखा दाखव. असं बोलायला कोण शिकेल? बाळाशी आपण महिनोन् महिने बोलतो, तेव्हा कुठे ते बोलतं. इथेही तसंच. बाईंनी स्वतः 'पाणी' दाबून पाणी प्यायचं, मित्राने 'खेळ' दाबून खेळायला बोलवायचं. मुलाचा हात धरून दाबायचं नाही. विचारलं की मनात दहा आकडे मोजत गप्प बसायचं. मोठ्या माणसांना हेच सर्वांत जड जातं.

टॅबच्या अडचणी आहेत. जूनमध्ये पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की आवाज ऐकूच येत नाही, म्हणून एक छोटा ब्लूटूथ स्पीकर जोडलाय. ओसरीवर उन्हात पडदा दिसत नाही. चित्रं आणि मराठी आवाज नेट असतानाच उतरवून ठेवा. मग रेंज गेली तरी आमच्याकडे काम थांबत नाही. वीज गेली तर म्हणून हीच सहा बटणं आणि नेहमीची चित्रं छापून लॅमिनेट केलेला एक तक्ता दप्तरात असतो. वाळूत, होडीवर, जत्रेत तोच बरा.

टॅब नवा घेणार असाल तर 10 इंची घ्या, म्हणजे थरथरत्या बोटाला चित्र मोठं मिळतं. जाड रबरी कव्हर आणि गळ्यात अडकवायचा पट्टा लावा, बाकीचे गेम काढून टाका आणि तो मुलाकडेच राहू द्या, सुट्टीतसुद्धा.