पोस्टमॉडर्न थिअरीचा ऑनलाइन कोर्स: जेमिसनवरच्या लेक्चरसाठी तरी कराच

पोस्टमॉडर्न थिअरीवरचा, म्हणजे एकच मोठं सत्य किंवा पक्का अर्थ असतो ह्यावर शंका घेणाऱ्या विचारांवरचा, साहित्य, मीडिया आणि पॉप कल्चर असं सगळं घेणारा रेकॉर्डेड कोर्स आहे, आणि प्रत्येक लेक्चरच्या आधी मूळ लेखनातली काही पानं वाचायला देतात. मला कोर्स आवडला तो मुख्यतः ह्या पानांमुळे. ह्या विषयात लोक एकेक वाक्य उचलतात आणि त्यावरच वर्षानुवर्षं वाद घालतात. फ्रेंच विचारवंत ल्योतार म्हटलं की महाकथनांवरचा, म्हणजे सगळं जग एकाच मोठ्या गोष्टीत समजावणाऱ्या विचारांवरचा, अविश्वास एवढंच सगळ्यांना पाठ, पण त्याचं १९७९चं 'द पोस्टमॉडर्न कंडिशन' हे पुस्तक मुळात क्वेबेक सरकारच्या विद्यापीठ परिषदेसाठी लिहिलेला रिपोर्ट होता, आणि कॉम्प्युटर आल्यावर ज्ञान ही विकायची वस्तू कशी होणार, डेटा बँका कोणाच्या हातात राहणार हे त्याने तेव्हाच मांडलंय. ती पानं वाचताना खरंच अंगावर काटा आला.

सगळ्यात भारी लेक्चर अमेरिकन समीक्षक फ्रेडरिक जेमिसनच्या पोस्टमॉडर्निझमवरच्या १९८४च्या निबंधावरचं. शिकवणाऱ्या मॅडम स्क्रीनवर व्हॅन गॉगच्या चित्रातले जुने बूट आणि पॉप आर्टवाल्या वॉरहॉलचं 'डायमंड डस्ट शूज' हे चित्र शेजारी शेजारी ठेवतात आणि अजिबात घाई करत नाहीत. बूट बघितले की ते घालणाऱ्या माणसाचे कष्ट, माती, सगळं डोळ्यासमोर येतं, आणि वॉरहॉलचे शूज मात्र नुसतेच इकडेतिकडे पडलेत, कोणाच्या पायातले होते, कुठून आले, काही म्हणजे काही कळायला वाव नाही. मग लॉस एंजेलिसचं बोनाव्हेंचर हॉटेल, बाहेरून सगळी काच, आत गेल्यावर दिशाच कळत नाही, तिथली दुकानं लोकांना सापडेनात म्हणून नंतर रंगांच्या खुणा लावाव्या लागल्या हे जेमिसन स्वतः लिहितो. थिअरी अशी डोळ्यांनी बघायला मिळाली की डोक्यात बसते. आणि जेमिसन पास्टिशला, म्हणजे जुन्या शैलींच्या नुसत्या नकलेला, धार गेलेलं विडंबन म्हणतो, तर कॅनडाची समीक्षक लिंडा हचन ठामपणे म्हणते की पोस्टमॉडर्न विडंबनात टीका असतेच, हा वाद मॅडम उगाच मिटवून टाकत नाहीत ते फार बरं वाटलं. माझं मत हचनच्या बाजूने.

फ्रेंच विचारवंत बोद्रियारवरचं लेक्चरही चांगलंय. १९९१च्या आखाती युद्धावर 'हे युद्ध झालंच नाही' असं म्हणणाऱ्या लेखांवरून त्याला अजून शिव्या पडतात, पण माणसं मेलीच नाहीत असं त्याचं म्हणणं नव्हतं, टीव्हीवर जे दाखवलं गेलं आणि जे एवढं एकतर्फी होतं त्याला युद्ध म्हणायचं का हा त्याचा प्रश्न होता, हे नीट समजावून सांगितलंय.

पॉप कल्चरचा भाग मात्र खूपच पातळ. एकामागून एक सिरीजच्या क्लिप्स दाखवायच्या आणि ही सेल्फ-रिफ्लेक्सिव्ह (स्वतःच्याच रचनेकडे बोट दाखवणारी), ती इंटरटेक्स्च्युअल (दुसऱ्या कलाकृतींचे संदर्भ घेणारी) असं सांगून पुढे जायचं, अरे पण मग पुढे काय? बघणाऱ्यावर त्याचा काय परिणाम होतो, पैसा कोण कमावतं, हे विचारायलाच नको का? कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिका बेल हुक्सने १९९०मध्येच विचारलं होतं की ह्या सगळ्या चर्चेत कृष्णवर्णीयांचा अनुभव कुठे आहे, कोर्समध्ये तिचं नावसुद्धा नाही. आणि १९९६चं सोकल प्रकरण, ज्यात एका भौतिकशास्त्रज्ञाने मुद्दाम लिहिलेला निरर्थक लेख 'सोशल टेक्स्ट' ह्या थिअरीच्या नियतकालिकाने छापला, ते दोन वाक्यांत उरकलंय. थिअरीवर प्रेम असणाऱ्यांनीच त्यावर सविस्तर बोलायला पाहिजे, नाहीतर नवीन विद्यार्थी ते दुसरीकडून ऐकतात आणि सगळी थिअरीच बोगस समजून बसतात.

सबटायटल्समध्ये फ्रेंच नावांची पार वाट लागलीय, त्यामुळे नावं वाचनाच्या पानांवरून बघून घ्या. क्विझ सोडून दिल्या तरी चालतील, नुसती पाठांतराची आहेत. एम.ए.ला समीक्षा घेतलेल्यांना आणि मीडियावर लिहिणाऱ्यांना जास्त उपयोग होईल, पण अगदीच नवीन असाल तर आधी स्ट्रक्चरॅलिझमची (भाषेत आणि संस्कृतीत अर्थ खुणांच्या परस्पर संबंधांतून येतो हा विचार) थोडी ओळख करून घ्या, कारण फ्रेंच विचारवंत देरिदावरचं लेक्चर ती आहे असं धरूनच सुरू होतं.