दारू पिऊन गाडी चालवल्याची केस: सरळ कबुली, कोल्हापूरचा वकील की बेळगावचा?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ चं, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवल्याचं समन्स घरात आलं की आपल्याकडे लगेच तीन मतं तयार होतात. एक म्हणतं, "कबूल कर, दहा हजार भर आणि मोकळा हो." दुसरं म्हणतं, "कोल्हापूरला आपले ओळखीचे वकील आहेत, त्यांना बोलावू." तिसरं म्हणतं, "बेळगावच्या कोर्टात रोज उभा राहणारा कुणीतरी बघ." माझा भाचा मालवाहू टेम्पो चालवतो. त्याच्या केसमध्ये या तिन्ही वाटा आम्ही जवळून बघितल्या आणि शेवटी एक धरली. कुणी याच विचारात असेल तर आमच्या अनुभवाचा उपयोग व्हावा म्हणून लिहितोय. प्रत्येकाची केस वेगळी असते, त्यामुळे हा कायद्याचा सल्ला समजू नये.

दोन गोष्टी आधीच सांगतो. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याची बाजू मला घ्यायची नाही. निपाणीपासून बेळगावपर्यंतच्या हायवेवर आणि चोर्ल्याच्या घाटात काय काय होतं ते आपण सगळे बघतो. आमच्या पोराला घरात जे ऐकवायचं ते आम्ही ऐकवलं. दुसरं, मी बोलतोय ते फक्त नाकाबंदीत सापडलेल्या, कुणाला इजा न झालेल्या केसबद्दल. अपघातात कुणी दगावलं असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागतं आणि शिक्षा ५ वर्षांपर्यंत जाते. कधी कधी तर सदोष मनुष्यवधापर्यंत मामला जातो. तिथे निवड करत बसायला वेळ नसतो, त्याच दिवशी वकील गाठावा लागतो.

आता कबुली. ही वाट मोहात पाडते, आणि का ते मला समजतं. एका दिवसात काम होतं, हजेरी बुडत नाही, चार लोकांत चर्चा होत नाही. हेल्मेटच्या दंडासारखं हे प्रकरण रस्त्यावर पावती फाडून मिटत नाही, १८५ साठी कोर्टात जावंच लागतं. मग गेलोच आहोत तर मान्य करून दंड भरून यावं, असं वाटणारच. पहिल्या गुन्ह्याला कायद्यात ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही आहे. २०१९ च्या दुरुस्तीआधी हाच दंड २,००० पर्यंत होता, म्हणून जुनी माणसं अजून "दोन-अडीच हजारात मिटतं" असं सांगतात. ते आता धरून चालू नका.

पण दहा हजार हा यातला सगळ्यात स्वस्त भाग आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम २० मध्ये लिहिलंय की १८५ खाली दोषी ठरलेल्याला कोर्टाने किमान सहा महिन्यांसाठी गाडी चालवायला अपात्र ठरवायचं. कोर्टाबाहेर "मिटवून देतो" म्हणणारा हे सांगत नाही. वडगावातून उद्यमबागेत दुचाकीने कामाला जाणाऱ्याला सहा महिने बस परवडेल. टेम्पोवाल्याच्या घरात मात्र सहा महिने चूल कशावर पेटवायची हा प्रश्न उभा राहतो. शिवाय एकदा दोषी म्हणून नोंद झाली की पुढच्या वेळी २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० दंड किंवा दोन्ही. म्हणजे आज कबूल करताना पुढच्या हिशोबाची पहिली ओळही आपणच लिहून देतो. मान्य करायचं असेल तर जरूर करावं, पण काय मान्य करतोय ते कळून करावं.

आणि माझं घोडं अडलं ते इथेच. कागद कन्नडमध्ये.

इतकी वर्षं इथे राहिल्यावर बसच्या पाट्या, दुकानांचे बोर्ड, सातबाराच्या जागी मिळणारा उतारा एवढं कन्नड मला वाचता येतं. बोलायलाही अडत नाही. पण पोलिसांच्या हाताने लिहिलेला महजर, म्हणजे पंचनामा, आणि कोर्टाच्या भाषेतलं दोषारोपपत्र ही वेगळीच गोष्ट आहे. भाच्याला तर मराठी शाळेमुळे तेवढंही येत नाही. आवारात एक जण भेटला. कागद उलटे धरून शेवटचं पान वर काढत म्हणाला, "सहीच करायची आहे की, जागा दाखवतो." मी विचारलं, "यात लिहिलंय काय?" तर म्हणाला, "दारूचीच केस आहे, आणि काय असणार?" भाचाही कंटाळलेला. "मामा, संपवून टाकूया की."

मला अक्षरं लागत नव्हती, पण आकडे लागत होते. १८५ दिसला. त्याच्या शेजारी २८१ दिसला. हा २८१ कुठून आला ते त्या माणसाला सांगता येईना, आणि मी सही थांबवली.

२८१ म्हणजे भारतीय न्याय संहितेतलं, लोकांच्या जिवाला धोका होईल अशा बेदरकारपणे गाडी हाकण्याचं कलम. १ जुलै २०२४ च्या आधी हेच भारतीय दंड संहितेचं २७९ होतं. यातही ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मुलगा प्यायला होता हे खरं. पण गाडी नाकाबंदीच्या रांगेत थांबलेली होती, बेदरकारपणे चालवत होता म्हणणारं कुणी नव्हतं. "सगळं कबूल" म्हटलं असतं तर न केलेलंही पदरात पडलं असतं. कबुलीच्या वाटेबद्दल माझी तक्रार एवढीच आहे, पण माझ्यासाठी ती निर्णायक ठरली. ती वाट वाईट नाही. न वाचलेल्या कागदावरची कबुली वाईट.

मग वकील द्यायचं ठरलं, तेव्हा साहजिकच आधी कोल्हापूर आठवलं. सीमाभागातल्या आपल्या घरांचं असंच असतं. सोयरीक तिकडे, दवाखाना तिकडे, जमिनीच्या भांडणात सल्लाही तिकडचाच. कायद्याने यात अडचण काहीच नाही. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम ३० प्रमाणे कुठल्याही राज्यात सनद घेतलेला वकील देशभर कुठेही उभा राहू शकतो. मोटार वाहन कायदाही दोन्हीकडे एकच. आमचे कोल्हापूरचे वकील माणूस म्हणून सोन्यासारखे. रात्री फोन केला तरी उचलायचे, घाबरलेल्या बहिणीला समजेल असं बोलायचे. तो धीर मोठा होता.

एक महत्त्वाची गोष्ट त्यांनीच सांगितली. नुसता "तोंडाला वास येत होता, चाल डळमळीत होती" असा डॉक्टरचा शेरा असेल आणि श्वासाच्या यंत्राचा आकडा किंवा रक्ताची तपासणी नसेल, तर केस कच्ची असते. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये तसं म्हटलेलं आहे. कायद्याला हवा असतो तो १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वरचा आकडा. तुमच्या कागदांत तो नसेल तर लढायला खरंच जागा आहे. फुंकायलाच नकार दिला तर वाचतो, असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. विनाकारण दिलेला नकार मोटार वाहन कायद्याच्या कलम २०५ प्रमाणे तुमच्याच विरुद्ध जातो.

पण कागदांचं काय? ते म्हणाले, "भाषांतर करून पाठवा." खानापूरकडच्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांनी मेहनतीने करून दिलं. गोष्ट कळली, पण कोर्टाच्या ठरावीक वाक्यांचे अर्थ निसटले. कुठलं वाक्य छापील नमुन्यातलं आणि कुठलं मुद्दाम लिहिलेलं, हे त्यांना कसं कळणार? तारखेला पुकारा कन्नडमध्ये, पुढची तारीख कशासाठी पडली तेही कन्नडमध्ये. कोगनोळीचा नाका ओलांडून माणूस यायचा, त्याचा सबंध दिवस जायचा आणि तारीख पुढे ढकलली जायची. त्याचे पैसे द्यावे लागतात, आणि ते रास्तच आहेत. कायद्याचं ज्ञान त्यांच्याकडे होतं, पण आमचा कागद त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता.

इथे जाता जाता एक गैरसमज. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झालं, तेव्हापासून "वर गेलं तर कोल्हापुरातच" असं काही जण बोलतात. तसं नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या कोर्टाचं अपील इथल्याच सत्र न्यायालयात जातं आणि त्याच्या वरती कर्नाटक उच्च न्यायालयाचं धारवाडचं खंडपीठ आहे.

शेवटी आम्ही बेळगावच्या कोर्टात काम करणाऱ्या एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांची घरची भाषा कन्नड, मराठी आपल्याइतकीच सफाईदार. पहिल्या भेटीत त्यांनी फी सांगायच्या आधी कागद मागितले. टेबलावर पसरले आणि एकेक ओळ कन्नडमध्ये वाचून मराठीत सांगत गेल्या. भाच्याला मध्ये मध्ये विचारत होत्या, "हे असं झालं होतं का रे?" अर्ध्या-पाऊण तासात आम्हाला पहिल्यांदा कळलं की आपल्याविरुद्ध नक्की काय लिहिलंय. यंत्राच्या पावतीवरची वेळ, आकडा, यंत्राचा नंबर, खालची सही त्यांनी बघितली. अटक झाली होती का, झाली असेल तर दोन तासांच्या आत डॉक्टरकडे नेलं होतं का, तेही विचारलं. बाहेरगावच्या वकिलालाही हेच प्रश्न विचारता येतात, पण उत्तरं त्याच कागदात होती आणि ती बाईंना तिथल्या तिथे सापडत होती.

त्यांचा सल्ला मला फार प्रामाणिक वाटला. म्हणाल्या, "आकडा मर्यादेच्या वर आहे, पावतीवर तुझी सही आहे. त्याच्याशी भांडू नकोस. २८१ मात्र मान्य करायचं नाही." तसंच केलं. १८५ मान्य केलं, दंड भरला, लायसन्सची बंदी पत्करली. २८१ ची केस चालली. गाडी वेडीवाकडी येताना बघणारा एकही साक्षीदार समोर आला नाही आणि त्यातून तो सुटला. वकील दिला म्हणजे सगळ्यातूनच सुटायचं असतं असं नाही, हे मला तिथे उमगलं. जे केलं त्याची शिक्षा घ्यायची, जे केलं नाही ते नाकारायचं. यासाठीही वकील लागतो.

इथल्या वकिलाचे त्रासही आहेत, ते लपवत नाही. हातात इतक्या केसेस की तारखेला कधी कधी ज्युनिअर उभा राहतो. फोन पहिल्यांदा क्वचितच लागतो. वकिलांनी कामकाजावर बहिष्कार टाकला की दिवस फुकट. आणि गाव लहान, कोर्टाच्या कँटीनमध्ये ओळखीचं कुणीतरी भेटतंच. कोल्हापूरच्या वकिलांनी दिला तसा घरचा धीर इथे मिळाला नाही. पण कागद वाचला गेला, आणि माझ्यासाठी पारडं तिथेच झुकलं.

सीमाप्रश्नावर माझं मत जे आहे ते आहे, आणि मराठीतून कागद मिळावेत ही आपली मागणी मी सोडलेली नाही. साक्ष आपल्याला न कळणाऱ्या भाषेत होत असेल तर ती भर कोर्टात समजावून सांगण्याची तरतूद कायद्यात आहे. ती मागायला लाजू नये. पण सहीचा कागद साक्षीच्या फार आधी पुढे येतो.

पैशाची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्यांना त्याच्या समित्या आहेत. १९८७ च्या कायद्याप्रमाणे महिला, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, कोठडीत असलेले आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले, यांना मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००. मिळणारा वकील बहुतेक इथलाच असणार, म्हणजे कागद वाचण्याचा प्रश्न तिथेही सुटतो. मला वाटतं कोल्हापूरच्या नावाजलेल्या वकिलापेक्षा, या प्रकारच्या केसमध्ये, तोही बरा पडेल.

पहिलीच वेळ असेल, आकडा स्पष्ट असेल, १८५ सोडून दुसरं कलम लावलेलं नसेल आणि पोट गाडीवर नसेल, तर सरळ कबुली मला चूक वाटत नाही. फक्त त्याआधी एकदा इथल्या वकिलाकडून कागद मराठीत वाचून घ्या, नुसत्या वाचण्याची फी द्या हवं तर. घरात ओळखीचे कोल्हापूरचे वकील असतील तर त्यांना सल्ल्याला ठेवा, वकालतनामा इथल्यांचा असू द्या.

आणि अपात्रतेच्या काळात "शिनोळीपलीकडे महाराष्ट्रच की, तिकडे कोण विचारतंय" असं म्हणून गाडी काढू नका. बंदी देशभर लागू असते आणि त्या काळात सापडलात तर त्याच कायद्याच्या कलम १८२ खाली ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड वेगळा. भाच्याच्या टेम्पोवर आम्ही सहा महिने दुसरा चालक ठेवला आणि तो शेजारी बसून माल उतरवायला जायचा.