नवीन शहरात ट्रेल शोधायला ट्रेलफोर्क्स ॲप
नवीन शहरात आलो तेव्हा सायकल होती पण कुठे चालवायची, कोणासोबत चालवायची काहीच माहीत नव्हतं, तिथे हे ॲप खरंच कामाला आलं. नकाशावर ट्रेल, म्हणजे सायकलच्या कच्च्या वाटा, किती अवघड ते रंगावरून कळतं, हिरवा सोपा, निळा मध्यम, काळा अवघड, चढ-उतार पण आधीच दिसतो. पहिल्यांदा एक लेव्हल खालचाच घ्या, कारण सगळीकडचा निळा सारखा नसतो. पाऊस झाला असेल तर लोकांनी टाकलेले ताजे रिपोर्ट नक्की बघा, ओल्या मातीत चाकोऱ्या पडून ट्रेल खराब होतो. सायकलिंगचे पार्टनर मात्र मला ट्रेल दुरुस्तीच्या दिवशी भेटले, फावडं हातात घेतलं आणि दोन तासांत तिघं म्हणाले, रविवारी ये आमच्यासोबत!